हेडबाईंचा डावा पाय

आमच्या पोहण्याच्या तलावावर येणारी माणसं दोन गोष्टींना घाबरायची. नवशिकी खोल पाण्याला, आणि झाडून सगळी हेडबाईंना.

हेडबाई कुठल्या शाळेच्या हेड नव्हत्या. त्या फरशी पुसायच्या. शॉवरच्या खोल्यांपासून माझ्या काउंटरपर्यंत एक लांबलचक लॉबी आहे आणि तिला राखाडी, जराशा खरबरीत लाद्या आहेत. या लाद्यांचा गुण असा, की ओला पाय पडला की ठसा काळाकुट्ट उमटतो आणि चार-पाच मिनिटं जागचा हलत नाही. नुकत्याच पुसलेल्या लादीवर असा ठसा दिसला की हेडबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "पायपुसणं काय शोभेला ठेवलंय?" इथून सुरुवात होऊन गाडी समोरच्याच्या आईने त्याला काय वळण लावलं इथपर्यंत जायची. बँकेतले साहेब असोत की कॉलेजातल्या मॅडम, कोणी सुटायचं नाही. हेडबाई हे नाव अशाच कोणा मार खाल्लेल्या माणसाने ठेवलं असणार.

मी त्या काउंटरवर बसते. पास तपासायचे, टॉवेल द्यायचे, विसरलेले चष्मे शोधून द्यायचे आणि समोरचा कितीही तिरसटपणे बोलला तरी हसायचं, हे माझं काम. माझा मूळ स्वभाव हसण्याचा नाही. मी दिवसभराचा राग गिळून घरी जायचे, आणि हेडबाई तो जिथल्या तिथे वाटून टाकून हलक्या होऊन जायच्या, याचा मला हेवा वाटायचा. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए काउंटर" म्हणायच्या. चहा सांगतानासुद्धा "एक मला, एक काउंटरला."

बावीस वर्षं खाली मान घालून ओरडल्यामुळे त्यांना एक विद्या आली होती. त्या माणसं पायांवरून ओळखायच्या. तोंडं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. "तो उंच माणूस गेला का गं?" असं विचारायच्या. कोण उंच, म्हटलं की वैतागायच्या, "अगं तो, उजव्या पायाचं दुसरं बोट लांब असलेला!" आता मी काउंटरच्या आत बसून कोणाच्या पायाची बोटं बघणार, कपाळ माझं?

ठशांचे त्यांनी दोन वर्ग केले होते. टाच आणि चवडा यांच्यामध्ये ज्याची बारीक कंबर उमटते तो 'पूल', कारण मध्ये कमान असते. ज्याचा सगळा तळवा जमिनीला टेकून उमटतो ती 'फळी'. आमचे पोहायला शिकवणारे कोच म्हणजे अस्सल फळी. पोहायला येणाऱ्या एका सूनबाईला हेडबाईंनी एकदा थांबवून विचारलं, "पाय पसरायला लागलेत तुझे. कितवा?" बिचारीने अजून सासूलाही सांगितलं नव्हतं.

या विद्येपायी एकदा मात्र त्यांची फजिती झाली. एक बाई तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. पोरीचे इवले इवले ठसे लाद्यांवर उमटले, दोन्ही सपाट. हेडबाईंनी त्या बाईला भर लॉबीत सांगितलं, "पोरीच्या पायात कमान नाही. आत्ताच बघा, नाहीतर लंगडत फिरेल." ती बाई रडकुंडीला आली. सकाळी पोहायला येणाऱ्या एक हाडांच्या डॉक्टर तिथेच डोकं पुसत उभ्या होत्या. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "असं काही नसतं. या वयात सगळ्या मुलांचे तळवे सपाटच दिसतात. कमान हळूहळू तयार होते, सहा-सात वर्षांपर्यंत." आणि मग हेडबाईंकडे वळून, "माहिती नसताना लोकांना घाबरवू नका." चारचौघांत म्हणाल्या. त्या दिवसापासून डॉक्टरीणबाई आल्या की हेडबाई बादली उचलून दुसऱ्या टोकाला जायच्या.

आता एक गोष्ट सांगते, ती वेळेत माझ्या लक्षात यायला हवी होती. फरशी पुसणारं माणूस मागे मागे जातं. पुढचं पुसायचं, एक पाऊल मागे, पुन्हा पुसायचं. म्हणजे त्याच्या स्वतःच्या पावलांवरून शेवटी त्याचाच मॉप फिरतो. त्यातून हेडबाईंच्या पायात सदानकदा गमबूट. बावीस वर्षांत त्यांनी हजारो पाय वाचले असतील, पण त्यात त्यांचे स्वतःचे दोन नव्हते.

त्या वर्षी गमबुटांवरून भांडण पेटलं. हेडबाईंच्या डाव्या बुटाची टाच आतल्या अंगाने झिजायची आणि बूट आतल्या बाजूला कलंडायचा. उजवा ठणठणीत. आमच्या व्यवस्थापक साहेबांकडे जाऊन त्या म्हणाल्या, "पुरवठादार चोर आहे. डाव्या बुटाला कच्चं रबर वापरतो." साहेबांनी दुसरी जोडी आणवली. तिचाही डावाच झिजला. तिसरी आणली, तीही तशीच. हेडबाईंनी पुरवठादाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साहेबांनी त्याला कडक पत्र लिहिलं, आणि ते पत्र मीच टाइप केलं. रबराचा डाव्या पायावरच एवढा राग का, हे विचारावं असं आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. मधूनमधून त्या बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या आणि घोटा चोळायच्या. बूट चावतोय, म्हणायच्या.

मग एका मंगळवारी, दुपारी तलाव बंद असताना, बायकांच्या शॉवरचा पाइप फुटला. हेडबाई आतच होत्या, गमबूट काढून त्यातलं पाणी ओतत होत्या. तशाच अनवाणी धावत लॉबी ओलांडून आल्या, माझ्या काउंटरमागचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, आणि मागच्या दाराने पुन्हा आत गेल्या. पाच मिनिटांच्या आत बूट घालून, मॉप घेऊन लॉबीत हजर. आणि थबकल्या. शॉवरच्या दारापासून माझ्यापर्यंत काळ्या ठशांची रांग लागली होती.

"कोण आलं होतं गं?"

मी हसत होते. म्हटलं आता लाजतील. पण पाण्याच्या धांदलीत आपण अनवाणी धावलो हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. त्या ठशांवर वाकल्या, आणि त्यांचा आवाज बदलला.

"हा उजवा बघ. पूल. चांगला, कष्टाचा पाय आहे. आणि हा डावा बघ. फळी. जन्माची फळी असती तर दोन्ही पाय तसे असते, आपल्या कोचसारखे. हा बसलाय. आतून दाब पडतोय बघ, आणि चवडा कसा बाहेरच्या बाजूला पळालाय. दुखत असणार हिला, घोट्याच्या आत. जिना उतरताना तर जीव जात असेल." त्यांनी मान वर केली. "वय झालेली आहे, अंगाने भरलेली. नवीन पास काढलाय का कोणी?"

माझं हसू केव्हाच गेलं होतं.

"सांग तिला," त्या म्हणाल्या, "दुखणं अंगावर काढू नको म्हणावं. बायका असल्याच असतात. पाय पार मोडेपर्यंत बोलायच्या नाहीत. सांगशील ना?"

"सांगते," मी म्हणाले. "हेडबाई, दुखणं अंगावर काढू नका."

आधी त्यांना कळलं नाही. मग त्यांनी शॉवरच्या दाराकडे पाहिलं, व्हॉल्व्हकडे पाहिलं. त्यांनी गमबूट काढले, दोन्ही पाय बादलीत बुडवले, भिंतीला हात लावत कोरड्या लाद्यांवर चार पावलं चालल्या आणि मागे वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. चोरी पकडल्यासारखा. मग त्यांनी मॉप उचलला आणि ते चारही ठसे जोर लावून पुसून टाकले.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," मी म्हणाले. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले, पण ते चुकलंच.

"तू तुझं काउंटर बघ," त्या म्हणाल्या.

आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा एकच यायचा. शेवटी रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, अडतीस पायऱ्या चढून. तिथे हेडबाई आणि त्यांच्या जाऊबाई राहतात. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेले. खिडकीपाशी जाऊबाईंचं शिलाई मशीन, भिंतीला दोन खाटा, आणि दिवसभर भांडण. दोघींचं एकमेकींशी पटत नाही आणि एकमेकींवाचून पान हलत नाही.

जाऊबाई मशीन न थांबवता बोलल्या. "पायाचं विचारायला आलीस ना? सहा महिने झाले. उतरताना कठडा धरून एकेक पायरी. मी काही बोलले की म्हणते, तू तुझी शिलाई बघ."

"मग डॉक्टरकडे?"

"त्या डॉक्टरीणबाईने हिला लोकांसमोर खोटं पाडलं. तिच्या दारात ही कशाला जाते? आणि दुसरीकडे गेली तरी कापाकापी सांगतील, असं हिच्या डोक्यात बसलंय. कापलं की सहा महिने खाटेवर. सहा महिने ही घरी बसली की सफाईचा ठेकेदार दुसरी बाई आणून उभी करेल. निवृत्तीला चार वर्षं उरलीयेत."

हेडबाई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होत्या. दारात येऊन उभ्या राहिल्या, सगळा भार उजव्या पायावर टाकून. "पगाराचं नाही गं तेवढं," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी कशाही भागवू. पण मला फरशी सोडून दुसरं येतं काय? ती लॉबी गेली तर मी सकाळी उठू कशाला?"

हे त्या ओरडून म्हणाल्या असत्या तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला, की सहा महिने ही बाई माझ्या डोळ्यांसमोर लंगडत होती आणि मी बुटांच्या तक्रारी टाइप करत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पोहून आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या टॉवेल खांद्यावर तसाच टाकून ऐकत राहिल्या. "दोन्ही पायांत फरक आहे, म्हणून हा जन्माचा नाही, असं त्या म्हणाल्या? नुसत्या ठशावरून?" मग त्या लॉबीच्या दुसऱ्या टोकाला, बादलीपाशी गेल्या. मीही मागोमाग गेले. असं नाटक सोडणाऱ्यातली मी नव्हे.

"त्या छोट्या मुलीच्या वेळी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाजूला घेऊन सांगायला हवं होतं."

हेडबाईंनी मॉप दोनदा पिळला. "मुलांचं मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते तुमचं बरोबर होतं." आणि जरा थांबून, "आता बघायचाच असेल पाय तर बघून टाका एकदाचा. ओल्या उभ्या राहू नका, सर्दी होईल."

तपासणी लॉबीतच झाली. हेडबाईंना अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि डॉक्टरीणबाईंनी मलाही मागे बोलावलं. "मागून बघा. उजव्या टाचेच्या बाहेर किती बोटं दिसतात?" करंगळी, आणि तिच्या शेजारच्या बोटाचा कोपरा. "आणि डाव्याच्या?" साडेतीन. पाय बाहेर वळला होता आणि टाच आत कलली होती, त्या झिजलेल्या गमबुटासारखीच. बिचारा पुरवठादार! मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

मग दोन्ही चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. ते जमलं. तेवढ्यात कोच शिट्टी फिरवत आले, तर त्यांनाही तिथेच उभं केलं. त्यांचे सपाट तळवे चवड्यांवर जाताच मध्ये छान कमान उचलली गेली. "हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांचा पाय जन्मापासून असा आहे. दुखत नाही, वर उठला की कमान येते. याला काही करायचं नाही. अशी कितीतरी माणसं धडधाकट फिरतात. प्रश्न सपाट पायाचा नसतो. आधी सपाट नव्हता आणि आता झाला, एकच झाला आणि दुखतो, तो प्रश्न असतो."

"आता फक्त डाव्या पायावर. गुडघा सरळ ठेवून टाच उचला."

हेडबाईंनी भिंतीला बोटं टेकवली, दात आवळले. "ही उचलली."

"नाही उचलली. गुडघा वाकलाय तुमचा."

"उचलली म्हणते ना! मला काय माझा पाय कळत नाही?"

टाच लादीला चिकटलेली होती. हेडबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं.

डॉक्टरीणबाईंनी मग पाय हातात घेऊन फिरवून पाहिला, घोट्याच्या हाडामागे अंगठा दाबला. हेडबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोटरीतून एक दोरी खाली उतरते, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, घोट्याच्या आतून वळून ती तळव्याला धरते आणि कमान तोलून ठेवते. वर्षानुवर्षं उभं राहून, वजनाने, वयाने ती सुजते, उसवते. मग कमान खचत जाते. "पण पाय अजून मऊ आहे, हाताने जागेवर येतोय. आखडला असता तर माझ्या हातात फार काही नव्हतं." नंतर दवाखान्यात उभं करून एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली, त्यातही तेच निघालं. दोरी सुजलेली, उसवलेली, पण तुटलेली नाही.

"कापाकापी?" हेडबाईंनी विचारलं.

"आत्ता नाही. सहा आठवडे जाड आधाराचा बूट, उभं राहायचं नाही. मग बुटात कमानीखाली आधार, घोट्याला पट्टा आणि व्यायाम. बारा आठवड्यांनी पुन्हा हीच परीक्षा. तेव्हा टाच उचलली तर तुम्ही तुमच्या कामावर. नाही उचलली, तर मात्र ऑपरेशनचं बोलावं लागेल. आणि एक आधीच सांगते, ठसा कदाचित फळीचाच राहील. कमान परत येईल असं मी म्हणत नाही. दोरीत ताकद आली तर पुरे."

आता साहेब राहिले. मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले आणि सांगितलं की हेडबाई काउंटरवर बसतील, फरशी मी पुसेन. साहेबांनी चष्मा काढला. "ती काउंटरवर? मग पास काढायला येईल तरी कोण?" पण त्या गमबुटांच्या पत्रावर सही त्यांनीच केली होती, आणि ती आठवण मी त्यांना अगदी गोड आवाजात करून दिली. शेवटी ते म्हणाले, "बारा आठवडे. त्यानंतर एक दिवस नाही. तोपर्यंत तिने मॉप धरला नाही तर मला दुसरी बाई मागवावी लागेल, मग मला बोल लावू नका."

ते बारा आठवडे मी विसरायची नाही. पहिल्याच दिवशी मी फरशी पुसत पुढे निघाले, तर काउंटरवरून गर्जना, "मागे मागे ये! स्वतःच घाण करत चाललीयेस!" मागे मागे गेले तर खांबावर आपटले. माझी कंबर, खांदे, तळहात, सगळ्यांनी एकदम संप केला. आणि हेडबाई? पाय स्टुलावर ठेवून महाराणीसारख्या बसलेल्या. "हा फोटो तुमचा? कितव्या वर्षीचा?" असं विचारून लोकांना पास द्यायच्या. माणसं रांगेत सरळ उभी राहायला लागली. मला सात वर्षांत जे जमलं नाही ते त्यांनी सात दिवसांत केलं.

सहा आठवड्यांनी जाड बूट निघाला आणि व्यायाम सुरू झाले. पायाला रबरी पट्टा अडकवून तो आत ओढायचा, पन्नास वेळा. दोन्ही चवड्यांवर वर, खाली. घरी मोजायचं काम जाऊबाईंकडे होतं. मशीन चालवता चालवता त्या मोजायच्या आणि तिशीपाशी हमखास विसरायच्या. "पुन्हा एकपासून," म्हणायच्या. हेडबाईंना पक्का संशय होता की हे मुद्दाम चालतं. मलाही होता.

पण डाव्या पायाची टाच एकटी काही उठेना. आठव्या आठवड्यात नाही, नवव्यात नाही. रोज दुपारी बंद लॉबीत त्या काउंटरची कड धरून उभ्या राहायच्या आणि मी मागे बसायचे. त्यांना आतून वाटायचं की उचलली. मी म्हणायचे, नाही. एकदा त्यांनी मला खोटारडी म्हटलं. दहाव्या आठवड्यात त्या नुसत्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "खोटं सांगितलंस तरी चाललं असतं गं एखाद दिवस." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण खोटं सांगितलं नाही, कारण मग त्यांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

अकराव्या आठवड्यात दुखणं बरंच उतरलं. जिना त्या एका दमात उतरल्याचं जाऊबाईंनी मला फोन करून सांगितलं, अगदी तक्रारीच्या सुरात. पण टाच तिथेच.

बारावा आठवडा संपला तो सोमवार होता. डॉक्टरीणबाई पोहून, कपडे बदलून आल्या. जाऊबाई मशीन बंद ठेवून आल्या होत्या. असं पहिल्यांदाच घडत होतं, हे त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं. साहेब आपल्या खोलीत होते, दार उघडं होतं, आणि टेबलावर ठेकेदाराला द्यायचा कागद सहीसाठी तयार होता. तोही मीच टाइप केला होता.

हेडबाई काउंटरपाशी उभ्या राहिल्या. दोन बोटं कडेवर टेकवली. उजवा पाय उचलून मागे घेतला. डोळे समोरच्या घड्याळावर.

"गुडघा सरळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काही झालं नाही. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, बोटं पांढरी पडली. त्यांनी पाय खाली टेकवला, श्वास घेतला, पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा काही नाही. जाऊबाई मोजायचं म्हणून तोंड उघडून बसल्या होत्या, त्यांनी ते मिटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज राहू दे, आपण उद्या..." हेडबाई म्हणाल्या, "उद्या कोणाला आहे?" आणि तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसून टाचेपाशी वाकल्या. हेडबाईंची नजर घड्याळावरून हलत नव्हती.

"उचलली का गं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक. "काउंटर, तू सांग. खरं सांग. मला मागचं दिसत नाही."

मी लादीवर आडवी झाले, गाल फरशीला टेकवून. टाचेखालून पलीकडची भिंत दिसत होती.

"उचलली," मी म्हणाले. "दोन बोटं."

"आणि गुडघा?"

"सरळ आहे, हेडबाई. एकदम सरळ."

जाऊबाईंनी मोजायला सुरुवात केली. पाचला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. पुरे आता, उतरवा." हेडबाईंचा सगळा पाय थरथरत होता, घाम हनुवटीपर्यंत आला होता, पण टाच खाली येईना.

"साहेबांना बोलवा आधी," त्या दातांतून म्हणाल्या. "ते बघेपर्यंत मी उतरवत नाही."

मी तशीच उठून साहेबांच्या खोलीकडे धावत सुटले.